डिस्क ग्रुप (ईव्हीए ॲरे)

डिस्क ग्रुप म्हणजे एंटरप्राइझ व्हर्च्युअल ॲरे (ईव्हीए) या स्टोरेज ॲरेमध्ये, म्हणजे सर्व्हरना साठवणीची जागा पुरवणाऱ्या यंत्रणेत, एकत्र बांधलेल्या डिस्कांचा सामाईक साठा. कॉम्पॅकने २००१ मध्ये ईव्हीए बाजारात आणली आणि २००२ च्या विलीनीकरणानंतर ती एचपीकडे गेली. जुन्या ॲरेत ठरावीक चार-पाच डिस्कांचा रेड संच (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा अशी जोडणी) बांधून त्यातून जागा कापून द्यावी लागे. ईव्हीएत व्हर्च्युअल डिस्क (सर्व्हरला दिसणारी आभासी डिस्क) ही ग्रुपमधल्या सगळ्या डिस्कांवर पसरते आणि रेडची पातळी त्या त्या व्हर्च्युअल डिस्कपुरती ठरते. त्यामुळे एकाच ग्रुपमध्ये व्हीरेड-१ (मिरर, म्हणजे डेटाची दुसरी प्रत) आणि व्हीरेड-५ (पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढता येईल अशी जादा माहिती) शेजारी शेजारी नांदतात.

ग्रुपला किमान ८ डिस्क लागतात. आत कंट्रोलर (ॲरे चालवणारा नियंत्रक) त्यांचे ६ ते ११ डिस्कांचे उपसंच पाडतो. आदर्श संख्या ८. या उपसंचांना आरएसएस (रिडंडंट स्टोरेज सेट) म्हणतात. पॅरिटी आणि मिररच्या जोड्या या उपसंचाबाहेर जात नाहीत. दोन वेगवेगळ्या उपसंचांतली एकेक डिस्क एकाच वेळी गेली तरी व्हीरेड-५ तग धरते. एकाच उपसंचातल्या दोन गेल्या आणि पहिलीची पुनर्बांधणी झालेली नसली, तर ग्रुपमधल्या सगळ्याच व्हीरेड-५ डिस्क जातात, कारण प्रत्येकीचा तुकडा त्या उपसंचात असतोच. म्हणून डिस्क आठाच्या पटीत घ्याव्यात आणि सगळ्या एकाच शेल्फमध्ये (डिस्क बसवायच्या खणात) न कोंबता शेल्फांवर उभ्या पसराव्यात, असा प्रघात पडला.

विस्ताराच्या वेळी खरा प्रश्न एकच: नव्या डिस्क जुन्या ग्रुपमध्ये घालायच्या की वेगळा ग्रुप करायचा? समजा, १४६ जीबीच्या ७२ डिस्कांचा ग्रुप आहे आणि ३०० जीबीच्या १६ डिस्क आल्या. ईव्हीएत वेगळी स्पेअर डिस्क नसते; राखीव जागा ग्रुपभर विखुरलेली असते. एकेरी संरक्षणाला (एका डिस्कच्या बिघाडाची सोय) ती सर्वांत मोठ्या डिस्कच्या दुप्पट लागते. म्हणजे नव्या डिस्क जुन्यांत मिसळताच राखीव जागा २९२ वरून ६०० जीबीवर जाते. शिवाय डेटा क्षमतेच्या प्रमाणात वाटला जात असल्याने मोठ्या डिस्कवर साधारण दुप्पट डेटा आणि त्याच प्रमाणात वाचन-लेखनाचा भार येतो. फिरण्याचा वेग मात्र तेवढाच. वेगळा ग्रुप केला तर त्यालाही ६०० जीबी राखून ठेवावेच लागतात, जुन्या ग्रुपचे २९२ वेगळे, आणि तिथल्या कामाला १६ डिस्कांचाच वेग मिळतो.

ग्रुप जितके कमी तितके बरे, हे साधारण खरे. वेगवान फायबर चॅनल डिस्क आणि स्वस्त, संथ फाटा (एफएटीए) डिस्क मात्र कधीच एकत्र करू नयेत. दुसरा अपवाद डेटाबेसच्या लॉगचा, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचा. लॉग वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवतात ते वेगासाठी, असा समज असतो. खरे कारण बचावाचे: डेटाचा ग्रुप बुडाला तर बॅकअप परत आणून त्यावर लॉग चढवता येतात, दोन्ही एकाच ग्रुपमध्ये असले तर दोन्ही बुडतात. जागा नेमकी कशाला कमी पडते आहे, हेही आधी पाहावे. स्नॅपशॉट (डिस्कच्या एका क्षणाच्या स्थितीचे चित्र) मूळ डिस्कच्याच ग्रुपमधली जागा खातो, त्यामुळे अडचण स्नॅपशॉटची असेल तर नव्या ग्रुपचा काडीचाही उपयोग नाही. स्नॅपक्लोन ही पूर्ण प्रत असते, ती दुसऱ्या ग्रुपमध्ये ठेवता येते.

डिस्क बसवताना कमांड व्ह्यू या ईव्हीए सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या डिस्क घेण्याचे धोरण ‘मॅन्युअल’वर ठेवणे शहाणपणाचे. सगळ्या डिस्क बसल्या, ओळखल्या गेल्या, की एकाच वेळी ग्रुपमध्ये घालाव्यात. मग लेव्हलिंग सुरू होते: कंट्रोलर जुना डेटा हळूहळू नव्या डिस्कांवर सरकवून सर्वांवर क्षमतेच्या प्रमाणात भरतो. हे काम मागे, कमी प्राधान्याने चालते. मोठ्या, गजबजलेल्या ग्रुपमध्ये त्याला दिवसही लागू शकतात. डिस्क तुकड्या-तुकड्यांनी घातल्या तर दरवेळी नव्याने सरकवासरकव होते.

चुकलेली वाटणी सुधारणे किचकट असते, कारण दोन ग्रुप थेट जोडण्याची सोय नाही. आधी व्हर्च्युअल डिस्कांच्या प्रती दुसऱ्या ग्रुपमध्ये करायच्या, सर्व्हर त्यांच्यावर वळवायचे, रिकामा झालेला ग्रुप मोडायचा आणि मगच सुटलेल्या डिस्क हव्या त्या ग्रुपमध्ये घालायच्या. ग्रुपमधून एखादीच डिस्क सोडवायची असेल, तर तिच्यावरचा डेटा सामावून घेण्याइतकी मोकळी जागा उरलेल्या डिस्कांवर असावी लागते. ग्रुप काठोकाठ भरेपर्यंत थांबलेल्यांकडे नेमकी तीच नसते.