गुडघ्याची दुखापत आणि त्यानंतरचे व्यायाम: ग्राहकांसाठी माहिती

गुडघा घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवसांत बरं होईल?" ते आत नेमकं काय दुखावलं आहे त्यावर ठरतं.

पाय जमिनीवर रोवलेला, अंग मात्र वळलं, आतून 'कट्' असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजला, तर एसीएल हे लिगामेंट (गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्याची शंका घ्यावी. बहुतेक वेळा यात कुणाचा धक्काही लागलेला नसतो. गुडघ्याच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूचं एमसीएल हे लिगामेंट बाहेरच्या बाजूने मार बसला की ताणलं जातं. ते एकटंच दुखावलं असेल तर सहसा ब्रेस आणि व्यायामावर भरून येतं.

गुडघ्याच्या हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटते ती पीळ बसल्यावर, आणि वय वाढल्यावर नुसतं उकिडवं बसून उठतानाही. गादीच्या बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळपास नसतो. म्हणून काठावरची फाट भरण्याची आशा जास्त असते. पण एक सांगतो: काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी फाटलेली दिसते. रिपोर्ट वाचून लगेच धास्ती घेऊ नका.

जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाटीभोवती दुखत असेल, तर बहुधा काही तुटलेलं नसतं. चालणं-धावणं एकदम वाढवल्याने हे होतं. मांडी आणि नितंबाच्या स्नायूंना ताकद आली की ते कमी होतं. नुसती नी-कॅप चढवून भागत नाही.

दुखापत कोणतीही असो, गुडघ्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करत नाही. शरीरच त्याला आवरून धरतं. काही दिवसांत मांडी बारीक दिसू लागते ती त्यामुळेच. म्हणून आधी सूज उतरवायची आणि गुडघा पूर्ण सरळ करायचा. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका, तो तसाच वाकलेला राहायची सवय लागते. उशी हवीच असेल तर टाचेखाली घ्या.

पहिला व्यायाम साधा आहे. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा आणि पाच आकडे मोजा. बोट वाटीवर ठेवा: ती मांडीकडे सरकली तर स्नायू कामाला लागला. सरकली नाही, तर पुढच्या भेटीत आम्हाला सांगा.

व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा सूज वाढलेली असेल, तर आदला डोस जास्त झाला. तो कमी करा, बंद करू नका.

एसीएलच्या प्रत्येक रुग्णाला ऑपरेशन लागतंच असं नाही. झालंच असेल, तर वळणं आणि उड्या असलेल्या खेळात किमान 9 महिने परतू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात गुडघा दुखत नाही, चालणं झकास असतं, आणि इथेच माणूस फसतो: नवं लिगामेंट आतून अजून पक्कं झालेलं नसतं. परत सोडताना आम्ही कॅलेंडरबरोबर ताकदही मोजतो. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के हवी.

पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील किंवा गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर आमच्याकडे येण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी जा. दम लागत असेल तर थेट इमर्जन्सीत.

पहिल्या भेटीला गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल चड्डी घाला. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणाच. गादी कापून काढली की शिवली, हे त्यावर लिहिलेलं असतं. शिवली असेल तर भार कधी द्यायचा आणि गुडघा किती वाकवायचा याचे नियम बरेच कडक असतात.