शोधयात्रांचा इतिहास व विद्यार्थ्यांनी केलेले व्हिडिओ (ग्रामीण विदर्भ)

भौगोलिक शोधांचा इतिहास नुसता वाचण्यापेक्षा विद्यार्थ्यांनीच त्यावर छोटी चित्रफीत तयार करायची, अशी ही अध्यापनपद्धती आहे. संहिता, अभिनय, चित्रण, निवेदन, जोडणी ही सगळी कामे मुले करतात. शिक्षक तारखा तपासतात, भांडणे सोडवतात आणि बहुतेक वेळा स्वतःचा मोबाइल देतात. विदर्भातील खेड्यांत ती चालते ती जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांत आणि खाजगी अनुदानित हायस्कुलांत, तीही एखाद्या ‘तंत्रस्नेही’ शिक्षकाच्या हौसेवर. वेळापत्रकात तिला तासिका नाही. आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात उपक्रम किंवा प्रकल्प म्हणून तिची नोंद होते, एवढाच तिचा कागदोपत्री पुरावा. चित्रफीत साधारण तीन ते सात मिनिटांची असते. शाळेत तिला सगळे ‘व्हिडिओ’च म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

‘शोध’ हा शब्द

परिभाषेत या विषयाला ‘समन्वेषण’ म्हणतात, पण वर्गात हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे ‘शोध’ चालतो, आणि खरी गोम त्याच शब्दात आहे. मराठीत शोध घेतातही आणि लावतातही. हरवलेल्या गोऱ्ह्याचा शोध घेतात, वाफेच्या इंजिनाचा लावतात. कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनमधील पालोस बंदरातून निघाला तो आशियाच्या सागरी वाटेचा शोध घेत. १२ ऑक्टोबरला तो बहामातील ज्या बेटावर उतरला त्याला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत. म्हणजे बेटाला नाव होते आणि नाव ठेवणारी माणसेही होती. मग शोध ‘लावला’ तो कोणी?

हा प्रश्न फळ्यावर लिहिला तर मुले माना डोलावतात आणि वहीत पुन्हा ‘शोध लावला’ असेच लिहितात. व्हिडिओत तो टाळता येत नाही, कारण कॅमेरा कुठेतरी ठेवावाच लागतो. तो जहाजावर ठेवला की किनारा हळूहळू जवळ येतो आणि निवेदनात ‘शोध लावला’ आपसूक येऊन बसते. किनाऱ्यावर ठेवला की कोणी परके लोक येताना दिसतात आणि क्रियापद बदलते: ‘आला’, ‘उतरला’, ‘पोचला’. तेच दृश्य दोन्हीकडून चित्रित करायला लावणे, हा या पद्धतीचा गाभा. बाकीची सजावट नसली तरी चालते.

पाठ्यपुस्तकातील जागा

हा विषय ठळकपणे येतो तो बालभारतीच्या आठवीच्या इतिहासात, ‘युरोप आणि भारत’ या पाठात. ऑटोमन तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचे व्यापारी मार्ग अडले, म्हणून युरोपीय लोक समुद्राकडे वळले, अशी कारणमीमांसा त्यात आहे. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, पण पूर्ण नाही: १४५३ नंतरही मसाले अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला पोचतच होते. शिवाय पोर्तुगीज त्याआधीच आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागले होते. बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून परत फिरला. दोन-चार ओळींत आटोपणाऱ्या या मजकुरामुळेच व्हिडिओला वाव मिळतो. उरलेले मुलांनी शोधायचे असते.

कालिकतचा आहेर

सर्वांत जास्त वेळा निवडला जाणारा प्रसंग वास्को द गामाचा. तो मुळातच नाटकासारखा आहे. मे १४९८ मध्ये कालिकतजवळ नांगर टाकल्यावर द गामा आधी स्वतः उतरला नाही. जहाजावरच्या एका शिक्षा झालेल्या कैद्याला त्याने पुढे पाठवले. त्याला भेटले ते उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिसचे दोन जण, आणि ते त्याच्याशी त्याला कळेल अशा स्पॅनिश बोलीत बोलले. हजारो मैल समुद्र कापून आलेल्या माणसाला अनोळखी देशात पहिल्या भेटीत आपल्या शेजारची भाषा ऐकू यावी, या एका गोष्टीने ‘शोध लावला’चा निम्मा वारा निघून जातो.

पुढचा प्रसंग नजराण्याचा. कालिकतच्या झामोरीन राजासाठी द गामाने काढलेल्या वस्तूंची यादी त्या सफरीच्या रोजनिशीत आहे: पट्टेदार कापडाचे बारा नग, लाल रंगाच्या चार कुंच्या, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याच्या सहा भांड्यांची पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपे. राजाचे अधिकारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो, द्यायचेच तर सोने द्या, असे त्यांनी सांगितले.

अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेच्या व्हिडिओत हा प्रसंग शाळेच्या ओट्यावर केला होता. अधिकारी झालेली मुलगी एकेक वस्तू उचलून बघते, टोपी उलटीसुलटी करते आणि मागे वळून म्हणते, “एवढ्या दुरून आले अन् टॉवेल-टोपीच आणली काय बाप्पा?” विदर्भातल्या लग्नात सोयऱ्याला टॉवेल-टोपी देण्याची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला पंधराव्या शतकातला तो अपमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही. संहितेत हे वाक्य नव्हते. ते तिथल्या तिथे सुचले होते आणि जोडणीत ठेवले गेले.

मोसमी वाऱ्याचा भागही इथल्या मुलांना पटकन कळतो. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून एप्रिलच्या शेवटी निघून द गामा सुमारे २३ दिवसांत मलबारला लागला. परतताना मात्र वारा उलटा होता. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरमध्ये निघालेल्या जहाजांना आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले आणि अनेक खलाशी स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) मेले. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरातल्या पोरांना वाऱ्याचे वेळापत्रक चुकल्यावर काय होते ते सांगायला नकाशा लागत नाही. जाताना वाट दाखवणारा वाटाड्या मालिंदीतून घेतलेला होता. तो म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, ही जुनी समजूत आता इतिहासकार मानत नाहीत, तरी इंटरनेटवरून उतरवलेल्या निवेदनात ती हमखास सापडते.

समुद्र कुठून आणायचा

नागपूरहून मुंबई रस्त्याने सातशे किलोमीटरच्या पुढे. व्हिडिओ करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव आहेत, मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे, म्हणजे लहान होड्या, आहेत. काठावरून चित्रण केले तर डोंगा जहाज म्हणून बरा खपतो. पश्चिमेकडे वऱ्हाडात तलाव कमी, म्हणून नजर शेततळ्याकडे जाते. तिथे मुळीच जाऊ नये. तळाला अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. दोघांनी दोन टोके धरून हलवलेली निळी ताडपत्री पुरते, आणि खरे तर जास्त छान दिसते.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ही युक्ती कोणाला शिकवावी लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव नाटके होतात, रंगवलेले पडदे मुलांनी रात्र-रात्र पाहिलेले असतात, दंडार हे लोकनाट्य घरातलेच असते. तिथल्या व्हिडिओंत अभिनय चढा आणि कॅमेरा एका जागी खिळलेला, नाटक पाहिल्यासारखा. वऱ्हाडातल्या व्हिडिओंत उलट कॅमेरा फार फिरतो. जहाजे तुराट्यांची आणि पुठ्ठ्याची. एका शाळेत तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांच्या पोळ्याच्या) लाकडी नंदीची चाके काढून जहाजाला लावली होती. जमिनीवर पसरलेल्या नकाशावरून ते दोरीने ओढत नेले आणि वरून, खुर्चीवर उभे राहून, चित्रण केले. आफ्रिकेला वळसा घालताना एक चाक निखळते, ते तसेच ठेवले आहे.

आवाज ही सर्वांत अवघड बाब. टिनाच्या छताखाली पाऊस आला की काही ऐकू येत नाही, पंखा चालू असेल तर निवेदनात घरघर येते. गोधडी डोक्यावरून घेऊन मोबाइलवर निवेदन करणे हा रूढ उपाय आहे. जोडणी काइनमास्टरसारख्या ॲपवर होते, बहुधा फुकटच्या आवृत्तीत, त्यामुळे कोपऱ्यात ॲपचा शिक्का राहतो. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांसोबत वावरात जातो, म्हणून काम संध्याकाळनंतर, तेही वीज असेल तर. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते. तेव्हा गट मोडतात, पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीवर निघालेला मॅगेलन अर्ध्यातच बदलतो. अनुभवी शिक्षक म्हणून हा उपक्रम पहिल्या सत्रात, पोळ्याच्या आसपास उरकतात. चित्रणाला शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडते.

घराजवळचे शोध

कालिकत आणि ग्वानाहानीवरच थांबणारी शाळा अर्धीच वाट चालते, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाची कबर आहे. मद्रासजवळ १८०२ मध्ये पायारेषा (पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा) मोजून त्याने सुरू केलेले काम पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण झाले. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, घेऊन तो दक्षिणेतून वर सरकत आला. तंजावरच्या देवळावर चढवताना ते यंत्र आपटून वाकले होते, ते त्याने स्वतः बसून दुरुस्त केले. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले, आणि याच सर्वेक्षणातून पुढे राधानाथ सिकदार यांच्या गणिताने जगातले सर्वोच्च शिखर ठरले. नागपूरचा झिरो माइलचा खांबही याच सर्वेक्षणाशी जोडलेला. एवढे सगळे एसटीच्या टप्प्यात असताना पोर्तुगालच आधी का आठवते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

याच सर्वेक्षणासाठी नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये वेष बदलून तिबेटमधल्या ल्हासापर्यंत गेला. अंतर तो पावले मोजून काढी. त्याची जपमाळ १०८ मण्यांची नव्हती, १०० मण्यांची होती. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, दोन हजार पावलांचा एक मैल. हे मुलांना करून बघता येते, आणि ती करतात. शाळेपासून पांधणीने (शेतातल्या वाटेने) नाल्यापर्यंत माळ घेऊन चालतात, मणी चुकतात, वाद घालतात, परत चालतात. अशा व्हिडिओला अभिनयाची गरजच पडत नाही.

तिसरा धागा ताटातला. कालिकतच्या बाजाराचे दृश्य करताना मुले मसाल्यांच्या ढिगात लाल मिरच्या हटकून मांडतात. १४९८ मध्ये तिथे मिरची नव्हती. ती मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर नंतर आली. टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग, पेरू, सीताफळही अमेरिकेतलीच. भिवापूरची मिरची आज भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि तिचे मूळ समुद्रापलीकडे! ही चूक दाखवून दिल्यावर दृश्य पुन्हा चित्रित करावे की चूक ठेवून त्यावरच व्हिडिओ करावा, यावर वर्गात मतभेद होतात. दुसरा मार्ग जास्त फलदायी ठरतो. कापसाचेही तसेच: वावरात आज उभा असलेला बीटी कापूस बहुतांशी अमेरिकन जातीचा, आणि ज्याला म्हातारी माणसे ‘देशी’ म्हणतात तो वेगळा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांकडून मागणी आली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोचली. आजोबांना कॅमेऱ्यासमोर बसवून देशी कापसाविषयी बोलते केलेले व्हिडिओ हे या सगळ्या प्रकारातले सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल.

दोष

काही दोष किरकोळ आहेत: १४९८ च्या जहाजाला भोंगा, स्पेनचा आजचा झेंडा, आजच्या सीमांचा नकाशा. चित्रपटातले संगीत उचलून लावणे हा प्रताधिकाराचा प्रश्न. मुलांचे चेहरे दिसणारा व्हिडिओ बाहेर पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी, हे अजून अनेक ठिकाणी राहून जाते.

भाषेचा दोष मात्र गंभीर. पुष्कळ व्हिडिओंत कप्तान प्रमाण मराठी बोलतो आणि बेटावरचे लोक वऱ्हाडी, हसू यावे म्हणून. कुठे त्यांच्या तोंडाला काजळी फासलेली असते, कमरेला पाने बांधलेली असतात. गडचिरोलीत गोंडी किंवा मेळघाटात कोरकू बोलणारी मुले त्याच वर्गात बसलेली असतात, आणि अशा वाटपात त्यांच्या वाट्याला नेमके काय येते हे सांगायला नको. जिथे शिक्षकाने भूमिका आणि बोली उलट वाटल्या, म्हणजे किनाऱ्यावरचे लोक आपापल्या भाषेत सरळ बोलले आणि दर्यावर्दीच अडखळत, खाणाखुणा करत राहिला, तिथे दुभाष्याचे पात्र नव्याने लिहावे लागले. मॅगेलनजवळ एन्रिके नावाचा मलाय गुलाम दुभाषा म्हणून होता, हे मग कोणीतरी शोधून काढते. मुलींच्या वाट्याला निवेदन आणि मुलांच्या हाती कॅमेरा, ही वाटणीही सहज बदलता येते. ती बदलायची आठवण तेवढी कोणी करून द्यावी लागते.

साठवण

हे व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात आणि दाबून छोटे झाल्याने अस्पष्ट होतात. मूळ फाइल शिक्षकाच्या मोबाइलमध्ये असते. मेमरी भरली की लग्नाचे फोटो राहतात, मॅगेलन पुसला जातो. तान्ह्या पोळ्याच्या चाकांचे जहाज ज्या फोनमध्ये होते तो फोन गुरुजींची बदली झाल्यावर त्यांच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात गेला. जहाज शाळेतच आहे, कार्यालयातल्या कपाटावर, तीन चाकांवर.