माकोंडे शिल्प : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

माकोंडे लोकांची वस्ती रुवुमा नदीच्या दोन्ही बाजूंना, उत्तर मोझांबिक आणि दक्षिण टांझानियात आहे. १९५० च्या दशकात दार-एस-सलाममधले माकोंडे कारागीर मोहमद पीरा या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यासाठी शिल्पं घडवत. त्यांच्यापैकी सामाकी लिकानकोआ याने हात मोडलेल्या मूर्तीचंच भूत केलं आणि ‘शेतानी’ शैली सुरू झाली, असं सांगतात. माणसावर माणूस चढलेला खांब म्हणजे ‘उजामा’.

लाकूड म्पिंगो. बाजारात त्याला सर्रास एबनी म्हणतात, पण एबनी टेंभुर्णीच्या कुळातलं, म्पिंगो शिसवीच्या. ओंडका क्वचितच सरळ मिळतो, बऱ्याचदा आतून पोकळ असतो. शिल्पाची वळणं बरीचशी त्यावरच ठरतात. साल आणि खालचं पिवळट लाकूड वाकसाने उडवायचं, मग पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर.

पारख करताना शिल्प आधी उचलून बघा. लिटरभर पाण्याच्या आकाराचा भरीव म्पिंगो सव्वा किलोच्या आसपास भरतो आणि पाण्यात बुडतो. रंगवलेलं हलकं लाकूड उचलताच कळतं. मग उलटं करून तळ बघा: काळ्या-जांभळट गाभ्याभोवती फिकट कड दिसली तर उत्तमच. स्पिरिटचा बोळा घासून रंग निघतो का, या चाचणीवर विसंबू नका. खऱ्या शिल्पावरही बूटपॉलिश चोळतात, शिवाय म्पिंगोचा स्वतःचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो.

सर्वाधिक तक्रार तडा गेल्याची येते. हे लाकूड फार सावकाश वाळतं. वरचा थर आधी आकसतो, आतला तसाच राहतो, म्हणून तडा जातो. पावसाळी दमटपणातून थेट एसीच्या झोतात ठेवलं की हमखास. खिडकीतलं ऊन टाळा, ओल्या फडक्याने पुसू नका. कोरडा ब्रश पुरे. केसाएवढ्या चिरेला हात लावू नका. मोठ्या फटीत काजळी मिसळलेलं मऊ मेण भरा. लांबी किंवा एम-सील नको: पावसाळ्यात लाकूड फुगतं, कडक भरण दबत नाही आणि फट पुढे सरकते.

फिकट भागाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे. गाभ्याला ती सहसा लागत नाही. शिल्प प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं.

बिल जपून ठेवा. २ जानेवारी २०१७ पासून म्पिंगो सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी पाठवायला परवाना लागतो. मात्र २०१९ मध्ये ठरलेल्या सवलतीनुसार एका पार्सलमध्ये १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्या कराराचा परवाना लागत नाही. तरी परदेशी पाठवण्याआधी त्या देशाचे नियम बघून घ्या.