ओहायोतील ज्येष्ठांची लेव्ही: जुनाच कर पुन्हा मंजूर का करावा लागतो?

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन ओहायोत पहिल्यांदा मतदानाला गेलेला मराठी माणूस मतपत्रिकेच्या तळाशी हमखास अडखळतो. वर गव्हर्नर, न्यायाधीश वगैरेंची ओळखीची नावे असतात. खाली एक लांबलचक, किचकट मजकूर असतो. त्याचा मथितार्थ असा: काउंटीतील, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातील, ज्येष्ठ नागरिकांच्या सेवांसाठी घरांवर बसवलेला कर संपत आला आहे, तो आणखी पाच वर्षे चालू ठेवायचा का? पर्याय दोनच, लेव्हीच्या (म्हणजे या कराच्या) बाजूने किंवा लेव्हीच्या विरोधात.

आपल्याला याची सवय नसते. पुण्या-मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर वेगळ्या रकान्यात छापलेले असतात. त्यातल्या शिक्षण कराचा कायदा १९६२ चा. तो कर चालू ठेवायचा का, असे कोणी आपल्याला कधी विचारलेले नाही. ओहायोत मात्र घरपोच जेवणाचा डबा, डॉक्टरकडे नेणारी गाडी, अंघोळ घालायला येणारी मदतनीस हे सारे दर पाच वर्षांनी मतपेटीतून जाते. ही रीत कोणी एकदा बसून आखलेली नाही. वेगवेगळ्या काळातल्या आणि एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या निर्णयांचे थर साचत गेले आणि त्यातून ती तयार झाली.

सर्वांत खालचा थर महामंदीचा. १९२९ मध्ये ओहायोच्या राज्यघटनेने मालमत्ता करावर १५ मिलची मर्यादा घातली होती. मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. मंदीत लोकांची घरे आणि शेते कर थकल्यामुळे हातची जाऊ लागली, तेव्हा १९३३ मध्ये मतदारांनी ही मर्यादा १० मिलवर आणली. काउंटी, शहर, टाउनशिप आणि शाळा या सगळ्यांना मिळून मतदारांना न विचारता एवढाच कर लावता येतो. त्यापलीकडचा प्रत्येक मिल मतदानाने मिळवायचा. आजही तोच नियम आहे. अग्निशमन दल असो, ग्रंथालय असो, प्राणिसंग्रहालय असो, जो तो आपापली लेव्ही घेऊन लोकांपुढे येतो. ज्येष्ठांच्या सेवा या रांगेत बऱ्याच उशिरा दाखल झाल्या.

कारण त्याआधी त्या सेवाच नव्हत्या. म्हातारपणी स्वतःच्या घरात राहता यावे म्हणून सरकारने काही करायचे असते, ही कल्पना रुजली ती १९६५ नंतर. त्या वर्षी १४ जुलैला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्येष्ठ अमेरिकनांविषयीच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, त्यानंतर दोन आठवड्यांनी आले आणि सगळा प्रकाश त्याच्यावर पडला. पण डबे, वाहतूक, घरकामाची मदत यांचा उगम आधीच्या, कमी गाजलेल्या कायद्यात आहे. १९७३ च्या दुरुस्तीने देशभर विभागीय ज्येष्ठ सेवा संस्थांचे जाळे विणायला सुरुवात झाली. सिनसिनाटी परिसरातील कौन्सिल ऑन एजिंग ही अशाच संस्थांपैकी एक. संघराज्याचा पैसा मात्र नेहमीच तुटपुंजा राहिला.

दुसरा आधार मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या आरोग्य योजनेचा. ओहायोने १९८४ मध्ये पासपोर्ट नावाचा कार्यक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू केला. नर्सिंग होममध्ये जावे लागेल अशा अवस्थेतल्या गरीब ज्येष्ठांना त्याऐवजी घरीच मदत द्यायची, ही त्यामागची कल्पना. १९९० पर्यंत तो राज्यभर पोचला. त्यासाठी एकट्या माणसाची बचत दोनेक हजार डॉलरच्या आत असावी लागते. आयुष्यभर कारखान्यात किंवा शाळेत नोकरी केलेली, बेताचे पेन्शन असलेली, बँकेत दहा-पंधरा हजार डॉलर राखून असलेली विधवा बाई त्यात बसत नाही. खासगी मदतनीस ठेवणेही तिला परवडत नाही. लेव्ही जन्माला आली ती मुख्यतः अशा मधल्या माणसांसाठी.

सिनसिनाटी ज्या काउंटीत आहे त्या हॅमिल्टन काउंटीत १९९२ मध्ये मतदारांनी ज्येष्ठ सेवांची पहिली लेव्ही मंजूर केली. तिच्या पैशातून चालणारा कार्यक्रम कौन्सिल ऑन एजिंगकडे आहे. साठी ओलांडलेल्या आणि दैनंदिन कामात मदत लागणाऱ्या माणसांसाठी तो आहे. डबा, घरकाम, अंगाला हात लावून करायची शुश्रूषा, पडल्यावर दाबायचे गळ्यातले बटण, दवाखान्यापर्यंत गाडी असे त्याचे स्वरूप. पूर्ण फुकट नाही. ज्याची ऐपत असेल त्याने उत्पन्नाप्रमाणे वाटा उचलायचा. पुढे बटलर, वॉरन, क्लिंटन या शेजारच्या काउंट्यांतही हीच पद्धत आली. आज राज्याच्या ८८ पैकी सत्तरहून अधिक काउंट्यांत ज्येष्ठांसाठी कुठली ना कुठली लेव्ही आहे.

ओहायो यात एकटा नाही. मिशिगनने १९७६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना ज्येष्ठांसाठी एक मिलपर्यंत कर मागण्याची मुभा दिली. सिॲटल परिसरातल्या किंग काउंटीत, जिथे बेलव्ह्यू-रेडमंडमुळे मराठी वस्ती बरीच आहे, २००५ मध्ये माजी सैनिक आणि सामाजिक सेवांसाठी सुरू झालेल्या लेव्हीत २०१७ साली ज्येष्ठांचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये तिला पुन्हा सहा वर्षे मिळाली. पण करांची गुंतागुंत पाहायची तर ओहायोच.

ही गुंतागुंत १९७६ मध्ये सुरू झाली. सत्तरच्या दशकात महागाईने घरांच्या किमती भराभर चढत होत्या. दर तोच राहिला तरी किंमत वाढली की कर वाढायचा, आणि लोक म्हणायचे, आम्ही एक मिल मंजूर केला होता, ही मागच्या दाराने झालेली वाढ कोणी मंजूर केली? कॅलिफोर्नियात या संतापातून १९७८ चा गाजलेला प्रॉपोझिशन १३, म्हणजे मालमत्ता कराला लगाम घालणारा जनमताचा ठराव, उभा राहिला. ओहायोने दोन वर्षे आधीच वेगळी वाट काढली होती. त्या कायद्याचे नाव हाउस बिल ९२०. त्याचा नियम असा की मतदानाने मंजूर झालेल्या लेव्हीचे उत्पन्न जुन्या मालमत्तांच्या किमती वाढल्या म्हणून वाढता कामा नये. फेरमूल्यांकनात काउंटीतल्या किमती २५ टक्क्यांनी चढल्या, तर एक मिलचा प्रत्यक्ष दर आपोआप ०.८ मिलवर उतरतो. डॉलरमध्ये रक्कम जवळपास तेवढीच राहते. भर पडते ती फक्त नव्या बांधकामांची.

घरमालकाच्या बाजूने पाहिले तर नियम अगदी न्याय्य. सेवा चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर रक्कम पहिल्याच दिवशी गोठते. हॅमिल्टनची लेव्ही १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२ अशी दर पाच वर्षांनी मतदानाला आली. या काळात मदतनिसांचे पगार वाढले, पेट्रोल वाढले, डब्यातल्या भाजीचे भाव वाढले, आणि मोठ्या युद्धोत्तर पिढीतली माणसे साठी-पंच्याहत्तरीत आली. २०१७ ते २०२२ या पाचच वर्षांत अमेरिकेतली महागाई सुमारे २० टक्के होती. अशा वेळी निव्वळ नूतनीकरण म्हणजे तेवढ्याच डॉलरांत कमी माणसांची सोय किंवा प्रतीक्षायादी. ‘यात नवा कर नाही’ ही प्रचारातली सर्वांत लाडकी ओळ आहे, आणि ती खरीही असते. पण त्यात मोठी गोम आहे. नवा कर नाही म्हणजे नवा पैसाही नाही, हे प्रचारपत्रकावर कोणी छापत नाही. २०१७ मध्ये हॅमिल्टन काउंटीने नूतनीकरणाबरोबर वाढही मागितली आणि मतदारांनी ती दिली, तेव्हा कुठे थोडी उसंत मिळाली.

कायद्याने मुख्य तीन वाटा ठेवल्या होत्या. पहिली नूतनीकरणाची: उतरलेल्या प्रत्यक्ष दराने जुनीच लेव्ही पुढे चालवायची. दुसरी नूतनीकरण आणि वाढ. तिसरी बदली लेव्ही: मूळ एक मिल नव्या किमतींवर पुन्हा पूर्ण दराने लागू करायचा. कागदावर दर तोच दिसतो, हातात मात्र बराच जास्त पैसा येतो. अर्थातच तिच्यावर राग सर्वांत जास्त.

तिसऱ्या वाटेला आणखी एक अडचण २०१३ मध्ये आली, आणि ती समजायला १९७१ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी गव्हर्नर जॉन गिलिगन यांच्या काळात ओहायोने राज्याचा आयकर आणला आणि त्या बदल्यात मालमत्ता कराच्या १० टक्के भार राज्याने उचलायचे ठरवले. १९७९ मध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी अडीच टक्के आले. हिशेब करून पाहा. बाजारभाव दोन लाख डॉलरचे घर असेल, तर करपात्र मूल्य त्याच्या ३५ टक्के, म्हणजे ७० हजार. एक मिलला ७० डॉलर. त्यातले साडेबारा टक्के तेव्हा राज्य भरायचे, म्हणजे घरमालकाला पडायचे ६१ डॉलर २५ सेंट. २०१३ च्या अर्थसंकल्पात राज्याने सांगितले की यापुढच्या नव्या आणि बदली लेव्हींना ही सवलत नाही. जुन्या लेव्हीचे नूतनीकरण झाले तर मात्र ती टिकेल. त्या क्षणापासून ‘फक्त नूतनीकरण करू’ हा काउंटी कमिशनरांचा, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचा, नुसता राजकीय भित्रेपणा राहिला नाही. त्याला आर्थिक कारणही मिळाले. जुनी लेव्ही सोडून नवी मागितली, तर घरमालकाला दर तोच असूनही जास्त पैसे भरावे लागणार.

यात ज्येष्ठ स्वतः कुठे आहेत? दोन्हीकडे. त्यांनाच सेवा हवी आणि घर बहुधा त्यांच्याच नावावर, कर्ज फिटलेले, उत्पन्न बांधलेले. म्हणून होमस्टेड सवलत, म्हणजे ज्येष्ठांना राहत्या घरावरच्या करात सूट, आली. १९७० च्या घटनादुरुस्तीने तिची दारे उघडली. २००७ मध्ये उत्पन्नाची अट काढून ६५ वर्षांवरच्या सगळ्यांना घराच्या किमतीतले पहिले २५ हजार डॉलर करमुक्त झाले. २०१४ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी उत्पन्नाची अट परत आली. एका हाताने ज्येष्ठांचा कर कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने ज्येष्ठांसाठी कर मागायचा, हे विचित्र वाटते. पण पहिला हात राज्याचा आणि दुसरा काउंटीचा, म्हणून ते चालून जाते.

शिवाय मागणीही आयती पुढे जात नाही. हॅमिल्टन काउंटीत नागरिकांची एक लेव्ही परीक्षण समिती आहे. ती खर्च तपासते आणि किती मागावे याची शिफारस करते. निर्णय तिघा कमिशनरांचा. प्रचाराला लेव्हीचा एक डॉलरही वापरता येत नाही. दारोदार फिरणारे, अंगणात फलक लावणारे स्वयंसेवक आणि देणगीदार वेगळेच असतात. आणि इतके करूनही ज्येष्ठांच्या लेव्हींचा मतदानातला इतिहास इतर लेव्हींच्या मानाने उत्तम आहे. शाळांच्या लेव्ही पडतात, ज्येष्ठांच्या सहसा पडत नाहीत. पैसा थोडा असतो, तो कुठे जातो ते दिसते, आणि बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी तो डबा खाणारे असते.

२०२३ च्या फेरमूल्यांकनाने मात्र वातावरण बिघडवले. कोविडनंतर घरांच्या किमती अशा उसळल्या की हॅमिल्टन आणि बटलरमध्ये एका फेरीत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वाढ झाली, आणि राज्याच्या करखात्याशी बटलरच्या ऑडिटरचे (मालमत्तांचे मूल्य ठरवणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याचे) जाहीर भांडण झाले. बिले फुगली. पण हाउस बिल ९२० मुळे ज्येष्ठांच्या लेव्हीचा त्यात जवळपास काहीच वाटा नव्हता. वाढ आली ती मुख्यतः मतदानाविना लागणाऱ्या पहिल्या १० मिलमधून, ज्यांना हा नियम लागू नव्हता, आणि अनेक शाळांमुळे, कारण शाळांचा प्रत्यक्ष दर २० मिलच्या खाली उतरू द्यायचा नाही असा तेव्हा कायदा होता. बिल हातात घेतलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला तळाची बेरीज दिसते आणि नंतर मतपत्रिकेवर जे पहिले सापडेल त्यावर तो राग काढतो.

त्याच सुमारास मतपत्रिकेचा मजकूरही बदलला. २०२३ पासून दर एक लाख डॉलर मूल्यांकनामागे घरमालकाला किती डॉलर पडतील, ते स्पष्ट लिहावे लागते. हे मला तरी बरे वाटते. आधीची भाषा वाचून हिशेब तपासनिसालाही घाम फुटला असता.

२०२५ मध्ये विधिमंडळाने अर्थसंकल्पातून बदली लेव्हीची वाटच बंद केली. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी ती तरतूद नाकारली होती. जुलैमध्ये हाउसने आणि ऑक्टोबरमध्ये सिनेटने त्यांचा नकार उलटवला. त्याच वर्षी मालमत्ता करच पूर्णपणे रद्द करण्याच्या घटनादुरुस्तीसाठी नागरिकांची सह्यांची मोहीम सुरू झाली. हॅमिल्टन काउंटीच्या २०२२ च्या लेव्हीची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतात. त्या वेळी तिच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय उरतील: आहे तेवढ्यावर नूतनीकरण, किंवा नूतनीकरणासह वाढ.