कृष्णधवल छपाईला एकटी काळी शाई पुरते का?
‘रंगीत शाया बंद करा, फक्त काळी वापरा, म्हणजे फोटोला रंगाची झाक येणार नाही’ हा सल्ला सोलापुरात इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवणाऱ्या, प्रिंटरवर कृष्णधवल प्रती काढणाऱ्यांना वर्षानुवर्षे मिळत आला आहे. तो अर्धाच खरा आहे. काळ्या शाईतील कार्बनचे रंगद्रव्य मुळातच किंचित तपकिरी असते. शिवाय एकाच शाईतून फिकट करडी छटा साधायची तर प्रिंटरला काळे ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि म्हणूनच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या फोटोत नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्याच्या पांढऱ्या बाराबंदीच्या चुण्या मऊ न उमटता वाळू सांडल्यासारख्या रवाळ दिसतात. ही उणीव करड्या व फिकट करड्या शाया भरून काढतात. एप्सन या प्रिंटर कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या ‘अल्ट्राक्रोम के३’ या शायांच्या संचात काळ्याच्या अशा तीन पायऱ्या होत्या.

कागदाचा प्रश्न वेगळाच, आणि तोच बहुधा विसरला जातो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, कागदासाठीची ‘मॅट काळी’ शाई चकचकीत कागदावर धरत नाही, बोट लागताच पुसते. चकचकीत कागदासाठीची ‘फोटो काळी’ शाई मॅट कागदावर फिकी पडते. साध्या चार शायांचे अनेक प्रिंटर तर चकचकीत कागद निवडताच काळी शाई बाजूला ठेवून उरलेल्या तीन रंगांतून काळा बनवतात, हिरवट किंवा जांभळट झाक येते ती तिथून. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात ती निरनिराळी दिसू शकते, त्यामुळे चाचणीची प्रत दोन्हीकडे पाहूनच शाई ठरवावी.