लिबरेटरची स्किन करून घेताना: ग्राहकांसाठी माहिती

महायुद्धातल्या बॉम्बरची स्किन, म्हणजे सिम्युलेटरमधल्या विमानावर चढणारे रंग, खुणा, अक्षरं आणि झीज, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात ऑर्डरप्रमाणे बनवतो. विमानाचं थ्रीडी मॉडेल आम्ही करत नाही. ते तुम्ही आधी विकत घेतलेलं असलं पाहिजे. सध्या सगळ्यात जास्त विचारणा बी-२४ लिबरेटरची होते, म्हणून इथली उदाहरणंही त्याचीच आहेत.

आधी विमान ठरवा, मग रंग

"लिबरेटर करून द्या" एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. कोणत्या स्क्वाड्रनचं, कोणत्या सीरियल नंबरचं आणि साधारण कोणत्या महिन्यातलं विमान हवं, ते आधी ठरवावं लागतं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं. रॉयल एअर फोर्सच्या (आरएएफ, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या) ३५५ आणि ३५६ स्क्वाड्रनची लिबरेटर बंगालमधल्या सालबनीहून उडत, १५९ स्क्वाड्रनची पुढे दिग्रीहून. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानावरच्या ब्रिटिश ओळखचिन्हाच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकलेला होता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलेच तोफची आपल्या विमानावर गोळ्या झाडण्याचा धोका होता, म्हणून तिथे गडद निळं आणि फिकट निळं वर्तुळ आलं. १९४४ च्या सालबनीच्या विमानावर लाल ठिपका दिसला, तर ती स्किन चुकीची.

युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली हीच विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि १९४८ पासून भारतीय हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती वापरली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. त्यांच्या खुणा पुन्हा वेगळ्या: १९४८ ते १९५० निळं अशोकचक्र, आणि प्रजासत्ताक झाल्यावर मध्ये हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी. एकाच विमानाचे नंबरही दोन असतात. आज ब्रिटनच्या आरएएफ म्युझियममध्ये असलेलं केएन७५१ हे भारतात एचई८०७ होतं. म्हणून ऑर्डरच्या कागदावर आम्ही तारखेचा रकाना रिकामा सोडू देत नाही.

बडोदेकर ग्राहक १२४ (बडोदा) स्क्वाड्रनबद्दल आवर्जून विचारतात. गायकवाड संस्थानच्या देणगीमुळे तिला हे नाव मिळालं. पण ती स्पिटफायर उडवणारी लढाऊ विमानांची स्क्वाड्रन होती, तिच्या खुणा बॉम्बरवर चढवता येणार नाहीत. स्पिटफायरचं मॉडेल तुमच्याकडे असेल तर ती स्किन आम्ही आनंदाने करून देऊ.

जुना फोटो कसा वाचायचा

त्या काळातले बरेच फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरचे आहेत. या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे लाल आणि पिवळा अपेक्षेपेक्षा काळपट येतात आणि निळा फिकट पडतो. नुसत्या करड्या छटेवरून रंग ठरवला की निळ्याच्या जागी पांढरा जाऊन बसतो. आम्ही त्याच फोटोतली माहीत असलेली वस्तू, उदाहरणार्थ टायर किंवा गणवेश, धरून छटा जुळवतो. संग्रहालयातलं विमान पत्र्याचे जोड आणि रिव्हेटच्या ओळी मोजायला उत्तम. त्याचा रंग मात्र नंतर दिलेला असतो, त्याला पुरावा मानू नका. एफएस क्रमांकाचंही (अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्डमधल्या रंगक्रमांकाचंही) तसंच: ती प्रमाणपद्धत १९५६ ची आहे, म्हणून युद्धकाळातल्या ऑलिव्ह ड्रॅब ४१ किंवा न्यूट्रल ग्रे ४३ ला दिलेला एफएस नंबर हा जवळचा पर्याय समजावा.

अक्षरं का फाटतात

लिबरेटरचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण ३३.५ मीटर. अख्खे पंख ४०९६ पिक्सेलच्या एका शीटवर आडवे बसवले, तर एक पिक्सेल म्हणजे ८ मिलिमीटर. धड २०.५ मीटरच्या आसपास, तिथे एक पिक्सेल ५ मिलिमीटर. आता सीरियल नंबर घ्या. ८ इंच उंचीचं अक्षर धडावर ४० पिक्सेलचं होतं आणि त्याची १ इंचाची रेघ जेमतेम ५ पिक्सेलची. त्यात डीडीएस फाइल (सिम्युलेटर वापरतो तो चित्राचा प्रकार) रंग ४ बाय ४ पिक्सेलच्या चौकटीत दाबून साठवते. बीसी१ या दाबण्याच्या पद्धतीत अशा एका चौकटीला दोनच मूळ रंग मिळतात आणि बाकीच्या छटा त्यांच्यामधूनच काढल्या जातात. गडद हिरव्यावर लाल अक्षराची तिरकी कड आली की ती मळकट दिसते ती यामुळेच. म्हणून रंगाच्या शीटला आम्ही बीसी७ ही जास्त चांगली पद्धत वापरतो आणि मॉडेलमध्ये सोय असेल तर नंबर वेगळ्या डेकल शीटवर (फक्त खुणा आणि अक्षरांच्या शीटवर) घेतो.

४०९६ ची एक शीट बीसी७ मध्ये १६ एमबी, मिपमॅप (लांबून दिसण्यासाठीच्या लहान प्रती) धरून सुमारे २१ एमबी. चार शीट आणि प्रत्येकीचे तीन थर, असा बारा फाइलींचा संच अडीचशे एमबीच्या घरात जातो. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं असेल तर २०४८ चा संच घ्या. तो याच्या चौथ्या हिश्श्यात बसतो. मोठा संच लहान कार्डावर चढवून विमान अडखळत चालवण्यात काही अर्थ नाही.

काही मॉडेलमध्ये डावी-उजवी बाजू एकाच चित्रावरून रंगते. तिथे नंबर एका बाजूला उलटा वाचला जातो आणि त्यावर आमच्याकडे इलाज नाही. मॉडेल पाहूनच आम्ही हे आधी सांगतो. दोन्ही बाजू वेगळ्या असल्या, तर शेपटीवरच्या पट्ट्या उलटवायच्या, अक्षरं मात्र सरळ ठेवायची. आरएएफच्या नेहमीच्या तिरंगी पट्टीत लाल दोन्ही बाजूंना पुढच्याच कडेला येतो.

धातू आणि कापड

न रंगवलेल्या लिबरेटरवर सगळ्यात जास्त चूक इथे होते. पंख आणि धड अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, पण रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटी आणि पंखांवरचे हलणारे भाग) कापडाचे, वर रुपेरी डोप (कापड ताठ करणारा लेप) दिलेला. धातूच्या थरात पत्र्याला पूर्ण मूल्य आणि कापडाला शून्य द्यायचं, खरखरीतपणा वाढवायचा. नाहीतर एलेरॉन आरशासारखा चमकतो आणि विमान खेळण्यातलं वाटतं. पंखाच्या पुढच्या कडेचा काळा रबर पूर्ण काळा करू नये. आरजीबी ३० ते ४० ठेवला तर उन्हात त्याचा आकार दिसतो.

इंजिनचा धूर नॅसेलच्या (इंजिनाच्या कवचाच्या) खालच्या टर्बोतून बाहेर पडतो, त्यामुळे काजळीचा पट्टा पंखाच्या खालच्या बाजूला मागे ओढलेला हवा. वरून काजळी मागणारे ग्राहक बरेच असतात. ती आम्ही घालत नाही. बॉम्बची दारं शटरसारखी धडाच्या बाजूने वर सरकतात, म्हणून तिथले ओरखडे त्याच दिशेने काढतो. रिव्हेट आत गेलेले खड्डे वाटत असतील, तर नॉर्मल मॅपचा (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या थराचा) हिरवा चॅनल उलटा आहे. फाइल परत पाठवा.

बसवताना

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आमचं पूर्ण फोल्डर कम्युनिटी फोल्डरमध्ये टाका. आतली एखादी फाइल स्वतः बदलली किंवा नवी घातली, तर लेआउट फाइल पुन्हा तयार करावी लागते; तिच्या यादीत नसलेली फाइल सिम्युलेटर उचलत नाही. टेक्स्चरच्या सीएफजी फाइलमधल्या फॉलबॅकच्या ओळी पुसू नका, काचा आणि कॉकपिट तिथूनच येतात. एक्स-प्लेनमध्ये फोल्डर विमानाच्या लिव्हरीज फोल्डरमध्ये जातं. नवा रंग दिसतच नसेल, तर त्याच नावाची जुनी डीडीएस फाइल शेजारी पडली आहे का पाहा; पीएनजी असली तरी एक्स-प्लेन डीडीएसच घेतं.

ऑर्डर देताना मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, विमानाचा नंबर, महिना, दोन्ही बाजूंचे मिळतील तेवढे फोटो आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी लिहून आणा. मॉडेलसोबत पेंटकिट (रंगवण्यासाठी मॉडेलकाराने दिलेल्या कोऱ्या शीट) आली असेल तर तीही आणा, तिच्यामुळे आठवड्याभराचं काम वाचतं आणि तेवढी रक्कम आम्ही बिलातून कमी करतो. एकाच बाजूचा फोटो असेल, तर दुसरी बाजू अंदाजाने केली आहे असं फाइलसोबतच्या कागदावर स्पष्ट लिहून देतो. पहिला नमुना उन्हात, ढगाळ हवेत आणि संध्याकाळच्या प्रकाशात असा तिन्ही वेळा उडवून बघा, आणि दुरुस्त्या एकत्र कळवा. दोन फेऱ्या किमतीत धरलेल्या आहेत.