दोन कोरिया, दोन्ही ‘प्रजासत्ताक’: पाटी वाचून फसू नका

२६ जुलै २०२४. पॅरिस ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सेन नदीवर रंगात आलेला. दक्षिण कोरियाच्या खेळाडूंची नौका पुढे आली आणि आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत नाव पुकारलं गेलं ते उत्तर कोरियाचं. २०१२ मध्ये ग्लासगोला याच्या उलट झालं होतं. उत्तरेच्या महिला फुटबॉल संघाच्या फोटोंशेजारी पडद्यावर दक्षिणेचा झेंडा लागला, खेळाडू मैदान सोडून गेल्या आणि सामना तासभर रखडला.

घोळ व्हावा अशीच ही नावं आहेत. दक्षिण म्हणजे ‘कोरिया प्रजासत्ताक’, उत्तर म्हणजे ‘कोरिया लोकशाही जनप्रजासत्ताक’. एकाची स्थापना १५ ऑगस्ट १९४८ ची, दुसऱ्याची ९ सप्टेंबर १९४८ ची. पाटीच प्रमाण मानायची तर ‘लोकशाही’ हा शब्द उत्तरेनेच लावून घेतलाय. भाषा एक, लिपी एक, जेवणात किमची दोघांच्याही. सोल ते प्याँगयांग अंतर साधारण १९५ किलोमीटर, म्हणजे पुणे-नाशिकपेक्षा कमीच. स्वतःच्या देशाला मात्र दोघं वेगळी नावं देतात: दक्षिणेत ‘हानगुक’, उत्तरेत ‘चोसन’.

संविधानं शेजारी ठेवून वाचली तरी फारसं हाती लागत नाही. भाषण, वृत्तपत्र, सभा आणि संघटना यांचं स्वातंत्र्य दोन्हीकडे लिहिलेलं आहे. उत्तरेच्या संविधानात तर १९९८ पासून वास्तव्याचं आणि प्रवासाचं स्वातंत्र्यही आहे. तेव्हा फरक शोधायचा तो रोजच्या कामांत: गावाला जायचंय, मत द्यायचंय, फोन घ्यायचाय. आणि त्यातही एकच गोष्ट बघायची. माणूस ‘नाही’ म्हणाला तर पुढे काय होतं?

ओळखपत्र सारखं, प्रवास वेगळा

दोन्हीकडे सतराव्या वर्षी ओळखपत्र मिळतं. दक्षिणेचं हे कार्ड काही साधंसुधं नाही. १३ आकडी नागरिक क्रमांक आणि दहाही बोटांचे ठसे सरकारकडे जमा होतात. याचं मूळही भीतीत आहे. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेचे ३१ कमांडो राष्ट्राध्यक्षांना मारायला सोलमध्ये घुसले आणि त्याच वर्षी ही कार्डं आली. थोडक्यात, सरकारकडे तुमची माहिती किती आहे यावरून हुकूमशाही ओळखायला गेलात तर दक्षिणच दोषी ठरेल.

पण सोलहून बुसानला जायचं असेल तर केटीएक्स गाडीचं तिकीट काढायचं आणि बसायचं. चारशेवर किलोमीटर, अडीच तासांच्या आसपास. का चाललात, कुणाकडे उतरणार, हे कुणी विचारत नाही.

उत्तरेत आपल्या तालुक्याबाहेर जायचं तर परवाना लागतो. कामाच्या ठिकाणी अर्ज करायचा, कारण द्यायचं (लग्न, मयत, सरकारी काम), मग सुरक्षा विभागाची मंजुरी घ्यायची. परवान्यावर कुठे आणि किती दिवस हे लिहिलेलं असतं. प्याँगयांगला किंवा चीनच्या सीमेकडे जायला वेगळी, जास्त कडक मंजुरी लागते. पोचल्यावर जिथे मुक्काम, तिथल्या ‘इन्मिनबान’च्या प्रमुखाकडे नोंद करायची.

इन्मिनबान म्हणजे वीस ते चाळीस घरांचं शेजारमंडळ. प्रमुख बहुधा मध्यमवयीन बाई. कुणाकडे पाहुणा आलाय, कुणाकडे नवा टीव्ही आलाय, सगळं तिला माहीत असावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे चाळीत एखाद्या काकूंना सगळ्या घरांची खबर असायची. इथे ती खबर वर पोचवणं ही नेमून दिलेली जबाबदारी आहे. रात्री-बेरात्री पोलिसाला घेऊन दार ठोठावून मुक्कामाची तपासणीही होते, आणि नोंद न केलेला भाचा सापडला तर भाचा आणि मामा दोघंही गोत्यात येतात.

प्रत्यक्षात यातलं बरंच सिगारेटच्या पाकिटांवर आणि पैशांवर सुटतं. रेल्वे वीज नसल्याने तासन्तास, कधी दिवसेंदिवस उभी राहते, म्हणून लोक ‘सर्विछा’ने जातात, म्हणजे कुठल्यातरी संस्थेच्या नावावर नोंदलेल्या आणि भाड्याने चालवलेल्या ट्रकने किंवा बसने. नियम कडक आणि अंमल ढिला असं हे दिसतं, पण त्यातच खरी मेख आहे. सगळेच थोडेफार बेकायदा जगत असले की कुणालाही, केव्हाही, कायद्यानेच पकडता येतं.

मतपत्रिका: एक शिक्का, दोन पेट्या

दक्षिणेतल्या मतदानाच्या शिक्क्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. पूर्वी शिक्का म्हणजे नुसतं वर्तुळ. घडी घातली की शाई समोरच्या नावावर उमटायची आणि मूळ खूण कुठली, छाप कुठली, कळायचं नाही. मतं बाद व्हायची. १९९२ मध्ये वर्तुळात ‘人’ ही खूण घातली, तर ती किम यंग-साम या उमेदवाराच्या नावातल्या ‘ㅅ’ या अक्षरासारखी दिसते म्हणून ओरड झाली. शिवाय ती डावी-उजवीकडून सारखीच, त्यामुळे मूळ अडचण तशीच. म्हणून १९९४ मध्ये ‘卜’ आलं. ही खूण एका बाजूला झुकलेली आहे, घडीत उमटली की उलटी दिसते आणि मोजणारा लगेच ओळखतो. एका मताचा अर्थ चुकू नये म्हणून इतका खटाटोप, कारण ते एक मत निकाल फिरवू शकतं.

उत्तरेत मत फिरवायचं कुठे? २०१९ च्या सर्वोच्च जनसभेच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीत जाहीर आकडा ९९.९९ टक्के मतदानाचा, आणि सगळी मतं बाजूने. मतपत्रिकेवर एकच नाव. ते मान्य असेल तर काहीच न लिहिता पेटीत टाकायचं. नापसंती दाखवायची तर नाव खोडावं लागतं, म्हणजे सगळ्यांदेखत लेखणी हातात घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत दोन रंगांच्या पेट्या दिसल्या, हिरवी होकाराची, लाल नकाराची, आणि सरकारी वृत्तसंस्थेने चक्क विरोधी मतंही सांगितली: प्रांतिक उमेदवारांविरुद्ध ०.०९ टक्के, शहरं आणि तालुक्यांच्या उमेदवारांविरुद्ध ०.१३ टक्के. काहींना यात सुधारणा दिसली. पेट्या रंगाने वेगळ्या असतील तर मत गुप्त कसं राहणार, हे त्यांनी लक्षात घेतलं नाही.

मग या निवडणुका घेतात कशाला? ती एक शिरगणती असते. प्रत्येकाला नोंदणीच्या पत्त्यावर हजर व्हावं लागतं. कोण परागंदा आहे, कोण चीनला पळालंय, हे मतदार यादीवर टिक मारताना कळतं.

फोन

उत्तर कोरियात मोबाइल आहेत, लाखोंनी आहेत. २००८ मध्ये इजिप्तच्या एका कंपनीच्या भागीदारीत जाळं सुरू झालं. त्यावरून परदेशी फोन लागत नाही आणि इंटरनेटही नाही. ‘क्वांगम्योंग’ नावाचं देशांतर्गत जाळं तेवढं आहे. २०२४ च्या अखेरीस बाहेर आणलेल्या एका फोनची बीबीसीने तपासणी केली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दक्षिणेत मुली प्रियकराला लाडाने म्हणतात तो ‘ओप्पा’ हा शब्द टाइप केला की फोन तो बदलून ‘कॉम्रेड’ करायचा. आणि दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो काढून अशा ठिकाणी साठवायचा, जिथे फोनच्या मालकाला जाता येत नाही. तो बघतात फक्त तपासणारे.

‘ओप्पा’ची एवढी भीती का, तर तो शब्द चोरून पाहिलेल्या दक्षिणेच्या मालिकांतून येतो. डिसेंबर २०२० च्या कायद्याने अशा मालिका पाहिल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वाटल्याबद्दल मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिणी धाटणीच्या बोलण्यावर वेगळा कायदाच केला. दोन बोलींतला फरक तसा आपल्या वऱ्हाडी-मालवणीसारखा गमतीचा आहे. उत्तरेत ‘इल ऑप्ता’ म्हणजे ‘ठीक आहे, हरकत नाही’. दक्षिणेच्या कानाला तेच ‘काही गरज नाही’ असं तुटक लागतं. ‘नाकजी’ मागवलं तर एकीकडे ऑक्टोपस येतो, दुसरीकडे माकुळ.

दक्षिणेच्या अंगावरही इथे डाग आहे, तो झाकू नये. १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अजून जागा आहे. उत्तरेची स्तुती करणं हा त्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि खटले झालेही आहेत. बदनामीच्या फौजदारी कायद्यात तर खरी गोष्ट सांगूनही शिक्षा होऊ शकते. फरक इतकाच की राष्ट्रीय सुरक्षा कायदा रद्द करा म्हणून तिथे उघड मोर्चे निघतात, आणि तो घटनात्मक न्यायालयात पुन्हा पुन्हा खेचला जातो.

पगार आणि पोट

हे थोडक्यात. २०१० च्या दशकात उत्तरेत सरकारी पगार महिना ३,००० वॉनच्या आसपास होता आणि बाजारात एक किलो तांदूळ ५,००० वॉनला. घर चालायचं बायकांच्या ‘जांगमादांग’मधल्या, म्हणजे खासगी बाजारातल्या, धंद्यावर, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी कामावर हजेरीची सक्ती नाही. पुरुषाला आहे, कारखाना बंद असला तरी. त्यालाही धंदा करायचा असेल तर तो कारखान्यालाच दरमहा पैसे भरतो आणि हजेरी लावून घेतो. याला ‘आठ-तीनचा पैसा’ म्हणतात. ३ ऑगस्ट १९८४ च्या एका सरकारी मोहिमेवरून हे नाव पडलं. पगार मिळायच्या ऐवजी पगार द्यायचा!

दक्षिणेत पैसा आहे, आणि त्याची किंमतही. २०२३ मध्ये जननदर ०.७२ वर आला, आणि आत्महत्यांचं प्रमाण विकसित देशांत सर्वांत वरच्या रांगेत आहे. मोकळा देश सुखी असतोच असं नाही. मात्र हे आकडे सरकार स्वतःच छापतं.

एकाच वसंतातले दोन अपघात

१६ एप्रिल २०१४ ला दक्षिणेत ‘सेवोल’ हे प्रवासी जहाज उलटलं. ४७६ जण होते, ३०४ गेले, त्यातले २५० आन्सानच्या एकाच शाळेचे विद्यार्थी. जहाजावर बेकायदा वाढवलेले मजले होते, मर्यादेबाहेर माल होता आणि तो नीट बांधलेला नव्हता. ‘जागेवरच थांबा’ अशी घोषणा होत राहिली, आणि कप्तान आधी उतरला. त्यात वाहिन्यांनी ‘सगळी मुलं वाचली’ अशी खोटी बातमी चालवली. ‘किरेगी’ हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी बसला: पत्रकार अधिक कचरा. म्हणजे स्वतंत्र माध्यमंही सपशेल चुकली. पण चूक पकडली गेली. कप्तानाला जन्मठेप झाली, तटरक्षक दल बरखास्त करून नव्याने रचलं गेलं, मार्च २०१७ मध्ये जहाज समुद्रातून वर काढलं. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांना न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या प्रकरणात पदावरून काढलं, आणि त्यासाठीच्या आंदोलनात पिवळ्या फिती लावलेले सेवोलचे पालक पुढे होते.

१३ मे २०१४ ला प्याँगयांगच्या फ्योंगछोन भागात २३ मजली इमारत कोसळली. काम पूर्ण व्हायच्या आधीच लोक राहायला आले होते. पाच दिवसांनी सरकारी पेपरात फोटो छापून आला: एक अधिकारी जमलेल्या लोकांपुढे कमरेत वाकून माफी मागतोय. उत्तरेत हे फार क्वचित घडतं, त्यामुळे जगभर त्याची बातमी झाली. मृतांचा आकडा मात्र दिला नाही. कुणाची नावं नाहीत आणि चौकशी अहवालही नाही.

दक्षिण जन्मतः मोकळी नव्हती

कोरियन युद्ध थांबवणाऱ्या १९५३ च्या युद्धबंदीनंतर घरी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी भारतीय तुकडीच्या ताब्यात होते. तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवायला मनाई केली, तेव्हा त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे कैद्यांना ‘मायदेशी चला’ असं समजावण्यासाठीच्या तंबूंना दोन दारं होती. एकातून बाहेर पडलं की मायदेश, दुसऱ्यातून नकार. ८८ जणांनी दोन्ही कोरिया आणि दोन्ही चीन (साम्यवादी चीन आणि तैवान) नाकारले आणि ते भारतात आले. री यांचा त्या वेळचा दडपशाहीचा कारभार पाहता त्यांना वेड्यात काढता येत नाही.

पुढेही १९६१ चं लष्करी बंड, १९८० मधला ग्वांगजू शहरात आंदोलकांवर लष्कराने केलेला गोळीबार, जानेवारी १९८२ पर्यंत मध्यरात्री ते पहाटे चार अशी संचारबंदी. सामान्य माणसाला हौसेखातर परदेशी जायला पूर्ण मुभा मिळाली ती १९८९ मध्ये. थेट निवडणूक आणि एकच पाच वर्षांची मुदत हे १९८७ च्या रस्त्यावरच्या लढ्याने मिळवलं.

३ डिसेंबर २०२४ ला ते सगळं पणाला लागलं. रात्री साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून सुक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. सभा बंद, माध्यमं लष्कराच्या ताब्यात असा हुकूम निघाला. हेलिकॉप्टरने जवान संसदेच्या आवारात उतरले. कर्मचाऱ्यांनी आत टेबलं-कोच रचून दारं अडवली, खासदार कुंपणावरून चढून आत गेले; त्यांत साठी ओलांडलेले सभापतीही होते. रात्री एकच्या सुमारास हजर १९० खासदारांनी एकमताने तो हुकूम उठवायचा ठराव केला, पहाटे साडेचारला तो उठला. ४ एप्रिल २०२५ ला न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी यून यांना पदमुक्त केलं.

उत्तरेची माध्यमं आठवडाभर गप्प होती. ११ डिसेंबरला सत्ताधारी पक्षाचं मुखपत्र ‘रोदोंग सिनमुन’ने बातमी दिली, सोबत सोलमधल्या मोर्च्यांचे फोटो. प्याँगयांगच्या मेट्रो स्थानकांत हा पेपर फलाटावर काचेच्या स्टँडमध्ये लावलेला असतो. गाडी येईपर्यंत लोक उभ्या-उभ्या वाचतात.